आपत्कालीन वैद्यकीय उपकरणांवरील स्थितिदर्शक

आपत्कालीन वैद्यकीय उपकरणांवरील स्थितिदर्शक म्हणजे डिफिब्रिलेटर, व्हेंटिलेटर, रुग्ण-मॉनिटर, सिरिंज पंप, ऑक्सिजन सिलिंडर, पल्स ऑक्सिमीटर अशा उपकरणांची त्या क्षणीची अवस्था वापरणाऱ्याला कळवणारे दिवे, चिन्हे, आकडे, काटे, आवाज आणि मजकूर होत. उपकरण वापरण्यास तयार आहे का, ते विजेवर चालले आहे की बॅटरीवर, त्यात बिघाड आहे का, साठा किती उरला आहे आणि रुग्णाची प्रकृती धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेली आहे का, या प्रश्नांची उत्तरे स्थितिदर्शकांतून मिळतात.

आपत्कालीन उपकरण बहुतेक काळ वापराविना पडून असते आणि गरज पडते तेव्हा काही सेकंदांत चालू व्हावे लागते. हृदयक्रिया अचानक बंद पडलेल्या रुग्णाला छातीदाब मिळत नसेल, तर विद्युत्‌धक्का देण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने त्याची वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्यामुळे उपकरणाची अवस्था संकट येण्यापूर्वी, दैनंदिन तपासणीतच कळावी आणि संकटाच्या वेळी ती एका दृष्टिक्षेपात ओळखता यावी, या दोन अपेक्षा स्थितिदर्शकांच्या रचनेच्या मुळाशी असतात. स्थितिदर्शकांची रचना हा वैद्यकीय उपकरणांच्या वापरयोग्यता अभियांत्रिकीचा भाग मानला जातो.

स्वरूप व प्रकार

स्थितिदर्शकांचे कार्यानुसार चार गट पडतात.

• सज्जतादर्शक : उपकरण वापरण्यास तयार आहे की नाही हे सांगणारे. उदाहरणार्थ, भिंतीवरील पेटीत ठेवलेल्या डिफिब्रिलेटरचा हिरवा दिवा.
• ऊर्जादर्शक : वीजपुरवठा, बॅटरीची पातळी आणि बॅटरी भारित होत असल्याची स्थिती सांगणारे.
• साठादर्शक : ऑक्सिजन, औषध इत्यादींचे उरलेले प्रमाण सांगणारे. सिलिंडरवरील दाबमापकाचा काटा या गटात येतो.
• इशारादर्शक : रुग्णाच्या प्रकृतीत किंवा उपकरणाच्या कार्यात धोकादायक बदल झाल्याचे सांगणारे दिवे व आवाज.

पहिले तीन गट मुख्यतः कर्मचाऱ्याने स्वतःहून पाहायचे असतात. चौथा गट त्याचे लक्ष स्वतःकडे वेधून घेतो. एकच दिवा दोन्ही कामांसाठी वापरल्यास गोंधळ होतो, म्हणून सज्जता आणि इशारा यांचे दर्शक शक्यतो वेगळे ठेवले जातात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दिव्यांच्या रंगांतून जीवितसुरक्षेचा संदेश देण्याची पद्धत वैद्यकाच्या आधी रेल्वेत रुजली. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश रेल्वेत पांढरा दिवा 'मार्ग मोकळा' आणि हिरवा दिवा 'सावधान' या अर्थाने वापरला जात असे. लाल दिव्याची काच फुटली किंवा गळून पडली तर आतला उजेड पांढरा दिसे आणि धोक्याचा संकेत मोकळ्या मार्गाचा ठरे. पुढे पांढऱ्याचा हा अर्थ रद्द झाला आणि हिरवा रंग मोकळ्या मार्गासाठी वापरात आला. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमधील ॲबट्स रिप्टन येथे बर्फामुळे सिग्नलचे हात 'मोकळा मार्ग' या स्थितीत अडकून राहिले आणि गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर सिग्नलची नेहमीची स्थिती 'धोका' ही असावी, हे तत्त्व रूढ झाले.

वैद्यकात सुवाह्य डिफिब्रिलेटर १९६५ मध्ये बेलफास्ट येथे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी वापरात आणला. त्याने उपकरण रुग्णालयाबाहेर, रुग्णवाहिकेत आले. हृदयाची लय स्वतः ओळखणारे स्वयंचलित डिफिब्रिलेटर १९७० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाले. त्यामुळे वैद्यकीय प्रशिक्षण नसलेली व्यक्तीही असे उपकरण वापरू शकते असे गृहीत धरले जाऊ लागले आणि दर्शकांच्या सुबोधतेला महत्त्व आले.

अस्पष्ट स्थितिदर्शनाचे बहुचर्चित उदाहरण थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचे आहे. हे यंत्र आपत्कालीन गटातील नव्हते. १९८५ ते १९८७ या काळात त्यातून सहा रुग्णांना किरणांच्या अतिमात्रा मिळाल्या आणि त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. मूळ दोष संगणक आज्ञावलीत व सुरक्षारचनेत होता. मात्र पडद्यावर 'बिघाड ५४' अशा स्वरूपाचा, अर्थबोध न होणारा संदेश येत असल्याने आणि एक कळ दाबून उपचार पुढे चालू ठेवता येत असल्याने यंत्रचालकांना धोक्याची कल्पना आली नाही. बिघाडाचा केवळ क्रमांक दाखवणे पुरेसे नसते. त्याचा परिणाम आणि पुढची कृतीही दाखवावी लागते, हा धडा यातून घेतला गेला.

रंगसंकेत

वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेविषयीचे आयईसी ६०६०१-१ हे आंतरराष्ट्रीय मानक दिव्यांच्या रंगांना पुढील अर्थ देते.

• लाल : धोका, तत्काळ कृती आवश्यक.
• पिवळा : खबरदारी, लवकर कृती आवश्यक.
• हिरवा : उपकरण वापरण्यास तयार.
• इतर रंग : वरील तिन्हींहून वेगळा अर्थ.

इशाऱ्यांसंबंधीचे आयईसी ६०६०१-१-८ हे मानक प्राधान्याच्या तीन पातळ्या ठरवते. उच्च प्राधान्याचा इशारा लाल असून सेकंदाला १.४ ते २.८ वेळा लुकलुकतो. मध्यम प्राधान्याचा इशारा पिवळा असून सेकंदाला ०.४ ते ०.८ वेळा, म्हणजे संथपणे लुकलुकतो. कमी प्राधान्याचा इशारा निळसर-हिरवा किंवा पिवळा असून स्थिर असतो. इशाऱ्याचा दिवा ४ मीटर अंतरावरून ओळखता यावा आणि इशाऱ्याचा तपशील १ मीटरवरून वाचता यावा, अशीही अपेक्षा या मानकात आहे.

रंग आणि लुकलुकण्याचा वेग असे दोन संकेत एकत्र देण्यामागे कारण आहे. लाल-हिरव्यातील भेद न ओळखता येणाऱ्या व्यक्ती सर्वच समाजांत असतात व त्यांत पुरुषांचे प्रमाण बरेच अधिक असते. अशा व्यक्तीला स्थिर लाल आणि स्थिर हिरवा दिवा सारखाच वाटू शकतो. म्हणून रंगासोबत आकार (बरोबरची खूण व फुली), जागा (वरचा दिवा व खालचा दिवा) किंवा लय यांपैकी किमान एक फरक ठेवण्याची शिफारस केली जाते.

ध्वनिसंकेत

कर्मचाऱ्याची नजर रुग्णावर असताना आवाज हाच विश्वासाचा दुवा असतो. आयईसी ६०६०१-१-८ नुसार उच्च प्राधान्याच्या इशाऱ्यात दहा, मध्यम प्राधान्याच्या इशाऱ्यात तीन आणि कमी प्राधान्याच्या इशाऱ्यात एक किंवा दोन ध्वनिस्पंद असतात. मानकाच्या पूर्वीच्या आवृत्तीत वेगवेगळ्या इशाऱ्यांसाठी सुचवलेल्या छोट्या सुरावटी शिकण्यास व ओळखण्यास अवघड असल्याचे अभ्यासांत आढळले. २०२० च्या दुरुस्तीत कारणाशी साधर्म्य असणाऱ्या ध्वनींचा पर्याय देण्यात आला.

रुग्ण-मॉनिटरवरील पल्स ऑक्सिमीटरचा आवाज हे ध्वनिसंकेताचे यशस्वी उदाहरण मानले जाते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर 'टिक' वाजते आणि रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण घटत गेले की आवाजाची पट्टी उतरत जाते. पडद्याकडे न पाहताही नाडीचा वेग आणि ऑक्सिजनची घसरण या दोन्ही गोष्टी कानांना कळतात.

इशारे फार वाजू लागले की कर्मचारी त्यांना सरावतात आणि खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते. या अवस्थेला 'इशारा-थकवा' म्हणतात. अमेरिकेतील रुग्णालयांना अधिस्वीकृती देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनापत्रात जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळातील इशाऱ्यांशी निगडित ९८ घटनांची नोंद आहे. त्यांपैकी ८० घटनांत रुग्ण दगावले. निरर्थक इशारे कमी करणे हाही स्पष्ट स्थितिदर्शनाचा भाग आहे, ही जाणीव यानंतर दृढ झाली.

रचनेची तत्त्वे

अंधाराचा अर्थ 'ठीक' असा नसावा
बिघाड झाल्यावरच पेटणारा लाल दिवा हा सर्वांत फसवा दर्शक ठरू शकतो. बॅटरी पूर्ण उतरली तर तोही पेटत नाही आणि निर्जीव उपकरण निर्दोष उपकरणासारखे दिसते. त्यामुळे 'तयार' ही अवस्था सक्रिय संकेताने, उदाहरणार्थ ठरावीक अंतराने लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याने, दाखवली जाते. तो संकेत नसणे म्हणजेच बिघाड, असा नियम असतो. भारतीय रेल्वेतही विझलेला सिग्नल चालकाने सर्वाधिक प्रतिबंधक संकेत समजून वागावे, असा नियम आहे.

एका संकेताला एकच अर्थ
हिरवा दिवा एका उपकरणावर 'वीज चालू', दुसऱ्यावर 'बॅटरी भरली' आणि तिसऱ्यावर 'तयार' असे सांगत असेल, तर एकाच रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्याला तीन भाषा लक्षात ठेवाव्या लागतात. वीज असणे आणि उपकरण तयार असणे या भिन्न गोष्टी आहेत. वीज जोडलेल्या डिफिब्रिलेटरची इलेक्ट्रोड पट्टी मुदतबाह्य असू शकते.

प्रमाणाऐवजी उरलेला वेळ
'बॅटरी ४० टक्के' किंवा 'दाब ६०' या माहितीवरून निर्णय घेण्यासाठी मनात गणित करावे लागते. 'सुमारे ५० मिनिटे' हा संदेश थेट उपयोगी पडतो. सध्याच्या वापराच्या दरावरून उरलेला वेळ दाखवणारे दर्शक अनेक आधुनिक व्हेंटिलेटरांवर असतात.

तात्पुरते मौन आणि कायमचे मौन
आवाज दोन मिनिटांसाठी थांबवणे आणि पूर्ण बंद करणे यांत रुग्णाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. आंतरराष्ट्रीय चिन्हांत घंटेवर तुटक रेषांची फुली तात्पुरत्या मौनासाठी आणि अखंड रेषांची फुली कायमच्या मौनासाठी वापरतात. आवाज बंद असला तरी दृश्य इशारा चालू राहणे अपेक्षित असते.

उपकरणनिहाय दर्शक

स्वयंचलित बाह्य डिफिब्रिलेटर
स्वयंचलित बाह्य डिफिब्रिलेटर (एईडी) ठरावीक काळाने स्वतःची चाचणी घेतो. बॅटरी, अंतर्गत विद्युत्‌मंडल आणि काही प्रतिरूपांत इलेक्ट्रोड पट्ट्यांची जोडणी तपासून निष्कर्ष बाहेरील दर्शकावर दिसतो. निर्मात्यानुसार दर्शक निरनिराळे असतात. काहींत हिरवा दिवा लुकलुकतो, काहींत खिडकीत हिरवी खूण किंवा लाल फुली येते. बिघाड असल्यास अनेक उपकरणे अधूनमधून चिवचिवाटासारखा आवाज करतात. बंद कपाटात किंवा गोंगाटाच्या जागी तो ऐकू येत नाही, म्हणून पेटीला पारदर्शक दार असणे आणि रोजच्या पाहणीची नोंदवही ठेवणे आवश्यक मानले जाते. एईडीची जागा दाखवणारे आंतरराष्ट्रीय चिन्ह हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरे हृदय आणि त्यावर विजेची रेघ असे आहे.

अमेरिकेतील शिकागोच्या विमानतळांवर सार्वजनिक जागी एईडी ठेवल्यानंतरच्या दोन वर्षांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या १८ जणांच्या हृदयाची लय विद्युत्‌धक्क्याने सुधारण्याजोगी होती, त्यांपैकी ११ जणांना वाचवता आले. अमेरिकेच्याच अन्न व औषध प्रशासनाकडे जानेवारी २००५ ते सप्टेंबर २०१४ या काळात एईडी निकामी ठरल्याचे सुमारे ७२,००० अहवाल आले आणि २०१५ मध्ये नियम कडक करण्यात आले. सार्वजनिक जागी ठेवलेल्या उपकरणाचा उपयोग त्याच्या सज्जतेवर किती अवलंबून असतो, हे या दोन नोंदींवरून दिसते.

ऑक्सिजन सिलिंडर
भारतात वैद्यकीय ऑक्सिजनच्या सिलिंडरचा रंग काळा व खांद्याचा भाग पांढरा असतो. रंग हा येथे आतील वायू सांगणारा दर्शक आहे. २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या टंचाईमुळे आर्गॉन व नायट्रोजनचे सिलिंडर ऑक्सिजनसाठी रूपांतरित करण्याचे आदेश केंद्र शासनाने दिले, तेव्हा सिलिंडर शुद्ध करण्याइतकेच त्यांची रंगओळख बदलणेही महत्त्वाचे ठरले.

साठा दाबमापकावर कळतो. पूर्ण भरलेल्या सिलिंडरचा दाब प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे १५० किलोग्रॅम असतो आणि काटा निम्म्यावर आल्यास साठाही जवळपास निम्मा उरलेला असतो. रुग्णवाहिकांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'बी' प्रकारच्या सिलिंडरात सुमारे १.५ घनमीटर, म्हणजे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १० लिटर दराने तो सुमारे १५० मिनिटे, तर ५ लिटर दराने सुमारे ३०० मिनिटे पुरतो. 'डी' प्रकारच्या मोठ्या सिलिंडरात सुमारे ७ घनमीटर ऑक्सिजन असतो. काटा दाब दाखवतो, वेळ दाखवत नाही. म्हणून सिलिंडरला दाब व प्रवाहाच्या दरानुसार मिनिटे सांगणारा छोटा तक्ता लावणे हा कमी खर्चाचा उपाय ठरतो. प्रत्यक्षात काही साठा नेहमी राखीव धरावा लागतो.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर
हवेतील नायट्रोजन वेगळा करून हे यंत्र सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुरवते. आतील शोषक द्रव्य खराब झाले तरी यंत्राचा आवाज व हवेचा झोत पूर्वीसारखाच राहतो. त्यामुळे शुद्धतादर्शक दिवा नसेल तर बिघाड बाहेरून समजत नाही. शुद्धता साधारण ८२ ते ८५ टक्क्यांच्या खाली गेल्यास इशारा देणारा दर्शक अशा यंत्रांत असतो.

पल्स ऑक्सिमीटर
सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत पथकांनी घरोघरी जाऊन तापमान व ऑक्सिजनची पातळी मोजली. त्यामुळे बोटाला लावायचे ऑक्सिमीटर सर्वसामान्यांच्या परिचयाचे झाले. या उपकरणांच्या वाचनात दोन चुका संभवतात. पहिली म्हणजे, ऑक्सिजनची टक्केवारी आणि नाडीचे ठोके हे दोन्ही आकडे शेजारी असल्याने त्यांची अदलाबदल होते. दुसरी चूक वाचणाऱ्याच्या बाजूवरून होते. पडद्यावर आंतरराष्ट्रीय अंक असतात. त्या अंकलेखनात सहाचा आकडा उलटा केला की नऊ दिसतो आणि आठ उलटूनही आठच राहतो. त्यामुळे रुग्णाच्या समोर बसलेल्याला शहाऐंशी ही चिंताजनक संख्या अठ्ठ्याण्णव अशी, म्हणजे उत्तम दिसू शकते. पडदा फिरवण्याची सोय, आकड्याखालची ठळक रेघ आणि 'टक्के' हे चिन्ह यांमुळे ही चूक टाळता येते.

विजेवर चालणारी उपकरणे
भारतातील भिंतीवरच्या बहुतेक विद्युत जोडण्यांना स्वतंत्र बटण असते. उपकरणाची पिन बोर्डात खोचलेली दिसली तरी बटण बंद असल्यास उपकरण बॅटरीवर चालत राहते आणि काही वेळाने बंद पडते. वीजपुरवठा दाखवणारा दिवा उपकरणाच्या दर्शनी बाजूस असणे आणि पुरवठा तुटताच वेगळा आवाज होणे, या दोन गोष्टींमुळे ही चूक लगेच ध्यानात येते.

वऱ्हाडातील परिस्थिती

अमरावती महानगरपालिकेच्या हद्दीतील बडनेरा हे मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरील मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातील जंक्शन आहे. अमरावती शहराकडे जाणारा सुमारे १० किलोमीटरचा फाटा येथूनच निघतो. लांब पल्ल्याच्या गाडीत प्रवाशाची प्रकृती बिघडल्यास अशा जंक्शनवर त्याला उतरवून अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ('इर्विन' या जुन्या नावाने परिचित) किंवा अन्य रुग्णालयात हलवणे शक्य होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञ समितीच्या शिफारशीनुसार सर्व स्थानकांवर व प्रवासी गाड्यांत जीवरक्षक औषधे, उपकरणे व ऑक्सिजन सिलिंडर यांसह वैद्यकीय पेटी ठेवण्याच्या सूचना रेल्वेने दिल्या आहेत. अशा पेटीतील सिलिंडर रिकामा आहे की भरलेला, हे पेटी उघडण्यापूर्वी बाहेरून दिसावे, ही या ठिकाणची मूलभूत गरज आहे. रेल्वेत चालक व सहचालक प्रत्येक सिग्नलचा संकेत एकमेकांना मोठ्याने सांगतात. उपकरणाची स्थिती मोठ्याने वाचून सहकाऱ्याकडून तिची पुष्टी घेण्याची हीच रीत आपत्कालीन वैद्यकातही उपयुक्त ठरते.

महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा, म्हणजेच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा, २०१४ मध्ये सुरू झाली. आरंभी तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक प्रकारच्या होत्या. रुग्णवाहिकेतील उपकरणांना धक्के, धूळ, गोंगाट आणि तापमानातील टोकाचे बदल सहन करावे लागतात. यासाठी २०१४ मध्ये आयईसी ६०६०१-१-१२ हे स्वतंत्र मानक आले. त्यात सतत वापरासाठी ० ते ४० अंश सेल्सिअस ही तापमानाची सर्वसाधारण कक्षा धरली आहे. अमरावती आणि अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनात तो त्याहून बराच वाढतो. अतिउष्णतेत द्रवस्फटिक पडदा काळवंडतो, प्रकाश-उत्सर्जक डायोडची तेजस्विता घटते आणि बॅटरीचे आयुष्य कमी होते. थेट उन्हातील प्रकाश १ लाख लक्सच्या घरात असल्याने खोलीत ठळक वाटणारा दिवा फलाटावर किंवा महामार्गाच्या कडेला दिसतही नाही. या भागासाठी उपकरण निवडताना दर्शकावर सावली देणारी कड, ठळक तीव्रभेदाचा पडदा आणि आवाजाची पुरेशी पातळी पाहणे आवश्यक ठरते.

मेळघाटातील धारणीहून परतवाडामार्गे अमरावतीचे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास असून मार्गाचा मोठा भाग घाटातून जातो. या प्रवासाला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. मिनिटाला १० लिटर ऑक्सिजनची गरज असलेल्या रुग्णाला एक पूर्ण भरलेला 'बी' सिलिंडर तेवढ्या प्रवासाला अपुरा पडतो. हे निघण्यापूर्वीच कळले तर दुसरा सिलिंडर सोबत घेता येतो किंवा वाटेतील आरोग्य संस्थेत बदली सिलिंडरची व्यवस्था करता येते. घाटात काटा शून्याकडे झुकू लागल्यावर यांपैकी काहीच करता येत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेतील रुग्णवाढ राज्यात प्रथम ठळकपणे अमरावती, अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत दिसली आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावती जिल्ह्यात टाळेबंदी लागू झाली. पुढील महिन्यांत राज्यभर नव्याने आलेले व्हेंटिलेटर व कॉन्सन्ट्रेटर कमी प्रशिक्षण मिळालेल्या कर्मचाऱ्यांना हाताळावे लागले. निरनिराळ्या निर्मात्यांचे संकेत समान असण्याचे महत्त्व अशा काळात विशेष जाणवते.

भाषेचा प्रश्नही या भागात महत्त्वाचा आहे. उपकरणांवरील मजकूर व ध्वनिसूचना सहसा इंग्रजीत असतात, काहींत हिंदीचा पर्याय असतो. धारणी व चिखलदरा तालुक्यांत कोरकू भाषक मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे शब्दांविना समजणारी चिन्हे, क्रमांकित पायऱ्या व चित्रे यांना प्राधान्य द्यावे लागते. मराठी पट्टी लावताना 'तयार', 'वापरू नका', 'बॅटरी बदला' अशी छोटी व आज्ञार्थी वाक्ये तांत्रिक पारिभाषिक शब्दांपेक्षा अधिक उपयोगी ठरतात.

भारतातील नियमन व देखभाल

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांनुसार जोखमीच्या चढत्या क्रमाने उपकरणांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग केले जातात. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना ही या क्षेत्रातील नियामक यंत्रणा आहे. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३४५० हे मानक आयईसी ६०६०१ मालिकेवर आधारलेले आहे.

उपकरणांमुळे घडलेल्या अनिष्ट घटनांची नोंद करण्यासाठी भारतीय उपकरण-दक्षता कार्यक्रम ६ जुलै २०१५ रोजी सुरू झाला. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचा समन्वय करतो. दर्शक चुकीचा वाचला गेल्याची घटना पुष्कळदा 'मानवी चूक' म्हणून सोडून दिली जाते. अशी घटनाही नोंदवली गेल्यास रचनेतील दोष उघड होऊ शकतो.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जैववैद्यकीय उपकरण देखभाल कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतील उपकरणे ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रांतील ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ८० टक्के काळ चालू स्थितीत असावीत, असे उद्दिष्ट आहे. नादुरुस्त उपकरणावर स्पष्ट दर्शक असल्यास कर्मचाऱ्याला तक्रार लगेच नोंदवता येते आणि तंत्रज्ञाला बिघाडाचे स्वरूप आधीच कळते.

मूल्यमापन

आयईसी ६२३६६-१ हे मानक वापरयोग्यता चाचणीची पद्धत सांगते. त्यात प्रत्यक्ष वापरणाऱ्या व्यक्तींना वास्तवाशी मिळत्याजुळत्या परिस्थितीत उपकरण देऊन त्यांच्या चुका नोंदवल्या जातात. स्थितिदर्शकांच्या चाचणीत साधारणपणे पुढील प्रश्न विचारात घेतले जातात.

• उपकरण प्रथमच पाहणाऱ्याला ते तयार आहे की नाही हे काही सेकंदांत सांगता येते का?
• भर उन्हात, अंधारात आणि हातमोजे घातलेल्या स्थितीत दर्शक वाचता व हाताळता येतो का?
• रंग न ओळखणाऱ्या व्यक्तीला अर्थ कळतो का?
• बॅटरी काढून टाकल्यास उपकरण 'तयार' असल्यासारखे दिसते का?
• शेजारी दुसरे उपकरण वाजत असताना इशारा कोणत्या उपकरणाचा आहे हे ओळखता येते का?

मर्यादा

स्थितिदर्शक उपकरणाने स्वतः तपासलेल्या गोष्टीच सांगतो. स्वयंचाचणीत न तपासला जाणारा भाग नादुरुस्त असल्यास हिरवा दिवा तसाच राहतो. सुटी झालेली नळी, मुदत संपलेली औषधे किंवा पेटीत नसलेला मुखवटा यांची कल्पना दिवा देऊ शकत नाही. म्हणून दर्शक असला तरी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला यादीनुसार हाताने तपासणी करणे आवश्यक असते. अनेक दर्शक एकत्र आल्यास पडदा गजबजतो व महत्त्वाचा संदेश झाकला जातो. कमी दर्शकांत अधिक सांगण्याचा प्रयत्न केल्यास एका दिव्याला अनेक अर्थ चिकटतात. या दोन टोकांमधील समतोल उपकरणाचा वापर कोण, कोठे आणि कोणत्या घाईत करणार आहे यावर ठरतो.

हे सुद्धा पहा

• डिफिब्रिलेटर
• पल्स ऑक्सिमीटर
• व्हेंटिलेटर
• रेल्वे सिग्नल
• बडनेरा जंक्शन रेल्वे स्थानक
• मेळघाट